हितधारक म्हंजे कोण हो भाऊ?

डिसेंबरात आमच्या गावच्या समाजमंदिरात कंपनीची बैठक झाली. भिंतीवर हा एवढा मोठा फ्लेक्स, ‘हितधारक संवाद’. खाली हसणाऱ्या मुलींचा फोटो (आमच्या गावच्या नाहीत, एवढं नक्की). शेजारी बसलेल्या काकाजींनी तो फ्लेक्स दोनदा वाचला आणि हळूच मला म्हणाले, "रेशनकार्डधारक माहीत हाय, खातेधारक माहीत हाय. हे हित कोन्त्या दुकानात भेटते?"

हितधारक म्हणजे इंग्रजीतला स्टेकहोल्डर, कंपनीच्या कामाशी ज्याचं बरंवाईट जोडलेलं आहे तो. तेव्हा हसलो. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबलचक लिहितो आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला नाव सांगायची गरजही नाही. कोळसा म्हणा, सिमेंट म्हणा, वीज म्हणा, कुणाच्या ना कुणाच्या धुऱ्याला काहीतरी लागून आहेच.

कंपनीचे साहेब एकच आले होते. बाकी सगळं पुण्याच्या एका एजन्सीच्या मुलीकडे. पोरगी चांगली होती, खाली सतरंजीवर बसून बायकांशी बोलत होती. हातात टॅब. त्यात पर्याय: शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, बचत गट, खेळ. यातलं तुम्हाला काय पाहिजे?

टोलीवरची एक मावशी उठली. "बाई, मले काही नोको. रस्त्यावर पानी मारा. तुमच्या ट्रकाची धूळ माह्या कापसावर बसते. जिनिंगवाला मूठभर कापूस हातात घेते, चोळते अन् म्हन्ते माल काळा हाय. क्विंटलमागं दोनशे कापते."

मुलीचं बोट टॅबवर खालीवर फिरलं. धुळीला खानाच नव्हता. शेवटी तिनं ‘इतर’वर टिक केली आणि म्हणाली, "मावशी, हे सीएसआरमध्ये येत नाही."

गंमत अशी की ती खरं बोलत होती.

2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 हे सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं, मूळ. 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. नक्त मालमत्ता 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्चायचे. कंपनी जिथं काम करते त्या भागाला प्राधान्य द्यायचं, असंही त्यात लिहिलं आहे. पण 2021 पासून नियमांत हेही स्पष्ट आहे की दुसऱ्या कायद्यानं जे काम कंपनीवर बंधनकारकच आहे, ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. नियम चांगलाच आहे. नाहीतर धूळ दाबायचं पाणीही धर्मादाय म्हणून हिशेबात चढलं असतं.

म्हणजे धुळीचा विषय सरकार प्रकल्पाला देतं त्या पर्यावरण मंजुरीच्या अटींचा. तो बघणारा साहेब वेगळा आणि तो बैठकीला आलेलाच नव्हता. माझं दुखणं इथंच आहे. गावाच्या लेखी कंपनी एक आहे. तिनंच जमीन घेतली, तिचेच ट्रक, तिचंच आरोग्य शिबिर. कंपनीच्या लेखी मात्र गाव दोन टेबलांवर वाटलेलं आहे. एका टेबलावर आपण लाभार्थी, तिथं चहा-बिस्किट मिळतं. दुसऱ्या टेबलावर आपण तक्रारदार, आणि तिथं साधी खुर्चीही नाही. ‘संवाद’ फक्त पहिल्या टेबलावर.

घरी येऊन कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या 1000 कंपन्यांना सेबीच्या (बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात हितधारकांचा तक्ताच असतो: कोण, दुर्बल गटातले आहेत का, संपर्क कसा, किती वेळा. आमच्यापुढे, म्हणजे ‘स्थानिक समुदाय’पुढे, लिहिलं होतं: बैठका. किती वेळा? ‘गरजेनुसार’.

कुणाच्या गरजेनुसार, ते लिहायला तक्त्यात रकाना नाही.

आता उगाच एकांगी नको. कंपनीच्याच शिबिरात माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही. आज ती तांदळातले खडे माझ्यापेक्षा चांगले वेचते. शाळेच्या खोल्याही झाल्या. पाणी शुद्ध करायचा आरओ मात्र दीड वर्षात बंद पडला, कारण फिल्टर कुणी बदलायचा हे उद्घाटनाच्या दिवशी कुणी विचारलंच नाही. आम्हीही नाही. आपली चूकही मोठीच आहे. पर्यावरण मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायची जनसुनावणी असते, त्या दिवशी आपण सोयाबीन काढायला जातो, आणि 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीला कोरम लागत नाही. दहा माणसं आली तरी ती झालीच म्हणायची.

आणि दुसऱ्या टेबलाची दारं दिसतात तितकी बंदही नाहीत. पर्यावरण मंजुरीच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीला मिळायला हवी. त्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल कंपनी दर सहा महिन्यांनी देते, 1 जूनला आणि 1 डिसेंबरला. तो सार्वजनिक कागद आहे. आम्ही ग्रामपंचायतीचं कपाट उघडून मंजुरीचं पत्र शोधलं. मिळालं, घरकुलाच्या याद्यांखाली. रस्त्यावर नियमित पाणी मारणे, ट्रक ताडपत्रीनं झाकणे, दोन्ही अटी त्यात होत्या. मावशीनं मागितलं ते आधीच लिहून दिलेलं होतं!

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडतो आहोत. यापुढे कंपनीच्या बैठकीला दोन्ही साहेब एकत्र आले पाहिजेत. आणि हजेरीच्या कागदावर सही करण्याआधी, मागच्या वेळी कोण काय बोललं आणि त्याचं काय झालं, हे मराठीत वाचून दाखवायचं. वाचलं नाही तर सही नाही. त्यांना त्या सह्यांची किती गरज असते, ते डिसेंबरात पाहिलं आहे. जेवायला गेलेल्या माणसांना बोलावून आणलं होतं. काही जण म्हणतात, ताणू नका, आहे तोही फंड जाईल. भीती खोटी नाही. सगळ्या गावांना मेंढा-लेखा (ग्रामसभेच्या जोरावर जंगलाचा हक्क मिळवलेलं गडचिरोलीतलं गाव) होता येत नाही, हेही कळतं. पण मागचं वाचून दाखवा म्हणण्यात ताणण्यासारखं काय आहे?

बैठक संपल्यावर तो फ्लेक्स मावशीनं मागून नेला. परवा तिच्या घरावरून गेलो, तर छपरीतल्या कापसाच्या ढिगावर झाकलेला होता. ‘हितधारक’ वरच्या बाजूला, त्यावर बोटभर धूळ.