लक्झरी हायब्रिडचा अल्प खप : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मराठवाड्यातील अनेक व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : लक्झरी हायब्रिड (इंजिन आणि विद्युत मोटार दोन्हींवर चालणाऱ्या) गाड्या भारतात मोजक्याच खपतात, कारण हे तंत्रज्ञानच फसलेले आहे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांची बॅटरी तग धरत नाही, सरकारनेही जबर कर लावून त्यांना नापास केले आहे, आणि पन्नास लाख मोजणाऱ्याला ॲव्हरेजची फिकीर नसते. काही अंतर केवळ विजेवर धावू शकणाऱ्या ‘स्ट्राँग’ हायब्रिडपुरते बोलायचे, तर खप कमी आहे, हे खरे. त्याची जी कारणे दिली आहेत, त्यांपैकी एकात थोडे तथ्य आहे आणि उरलेली जशीच्या तशी तपासणीत टिकत नाहीत.

तंत्रज्ञान फसले असते, तर ते स्वस्त गाड्यांतही फसले असते. इंजिन, दोन विद्युत मोटार-जनित्रे आणि त्यांना जोडणारा ग्रहीय गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचा संच) ही टोयोटाच्या लेक्सस या लक्झरी ब्रँडच्या ईएस ३०० एचमधील रचना तत्त्वतः तीच आहे, जी २०२२ पासून अर्बन क्रूझर हायरायडर, ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉसच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्यांत मिळते. आणि हायक्रॉससाठी लोक महिनोन्महिने थांबले आहेत. किमतीच्या दुसऱ्या टोकालाही चित्र वेगळे नाही. मार्च २०२४ मध्ये दोन कोटींपासून पुढच्या किमतीला आलेल्या लेक्सस एलएम ३५० एचची नोंदणी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीला तात्पुरती थांबवावी लागली, कारण मागणीइतका पुरवठा होत नव्हता. अशी गाडी पूर्ण तयार स्थितीत आयात होते, तिच्यावर १०० टक्क्यांच्या घरातले आयात शुल्क, त्यावर जीएसटी आणि त्यावर राज्याचा वाहन कर चढतो. शिवाय देशांतर्गत मान्यतेच्या चाचण्यांविना एका उत्पादकाला वर्षाला २,५०० पर्यंतच गाड्या आणता येतात. त्यामुळे खपाचा आकडा बऱ्याचदा गिऱ्हाईक ठरवण्याआधीच कंपनीच्या नियोजनात ठरलेला असतो. ईएस ३०० एचची जुळणी २०२० मध्ये कर्नाटकातील बिडदी येथे सुरू झाली, तेव्हा तिची किंमत काही लाखांनी उतरली, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे.

करासंबंधीचा मुद्दा संदेशात एका ओळीत उरकला आहे, परंतु खरे उत्तर बहुतांशी तिथेच दडले आहे. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या फेम या वाहन-प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार हायब्रिड गाड्यांना अनुदान देत होते आणि बिडदीत तयार होणारी टोयोटाची कॅमरी हायब्रिड त्याची लाभार्थी होती. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा मोठ्या हायब्रिड गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के उपकर असा ४३ टक्के भार पडला. त्याआधी तो सुमारे ३० टक्के होता. त्या दिवशी भल्यामोठ्या डिझेल एसयूव्हीवरचा करही नेमका ४३ टक्केच होता. दोन महिन्यांनी एसयूव्हीवरील उपकर वाढला, तरी कॅमरीसारख्या गाडीच्या किमतीत झालेली वाढ कायम राहिली. याउलट विजेवरच्या गाड्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ऑगस्ट २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत उपकर गेला, पण मोठी हायब्रिड ४० टक्क्यांच्या गटात आणि विजेवरची ५ टक्क्यांतच राहिली. म्हणजे खप कमी झाला म्हणून कर वाढला नाही. कर वाढला आणि मग खप आटला. आणि सरकारने हायब्रिड ‘नापास’ केली म्हणावे, तर जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने स्ट्राँग हायब्रिडवरील नोंदणी कर माफ केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने टोयोटा किर्लोस्करशी छत्रपती संभाजीनगरात इलेक्ट्रिक व हायब्रिड गाड्यांच्या कारखान्यासाठी सुमारे २०,००० कोटींचा सामंजस्य करार केला. संदेश पुढे ढकलणाऱ्यांना आपल्या दारातली ही बातमी आठवू नये, याचे नवल वाटते.

बॅटरीविषयीची भीती मुख्यतः मोबाइलच्या अनुभवातून आलेली आहे. प्लग न लागणाऱ्या हायब्रिडची बॅटरी लहान असते : ग्रँड विटाराची ०.७६ किलोवॅट-तास, तर विजेवरच्या बऱ्याच मोटारींची चाळीस-पन्नास किंवा त्याहूनही अधिक. ती पूर्ण रिकामी वा पूर्ण भरलेली कधी होऊ दिली जात नाही, आणि टोयोटा तिच्यावर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते. ईएस किंवा कॅमरीत मागच्या आसनाजवळ एक लहान जाळी असते. तिच्यातून आतली गार हवा पंख्याने बॅटरीकडे ओढली जाते. मे महिन्यात पारा ४३ वर असताना काळजी घ्यायची ती या जाळीची. बीड-परळीकडची धूळ तिच्या फिल्टरमध्ये साचली, किंवा कोणी हौसेने जाड सीट कव्हर चढवून ती झाकली, तर बॅटरी खरोखरच तापेल. मात्र तो दोष देखभालीचा झाला. प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या, हायब्रिडचा हिशेब वेगळा आहे. तिची बॅटरी मोठी आणि महाग असते, परंतु संदेशात असा कोणताही भेद केलेला नाही.

राहिला ॲव्हरेजचा मुद्दा, आणि तथ्य आहे ते यातच. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १२ ऐवजी २० किलोमीटर देऊ लागली, तर ४०० लिटर पेट्रोल वाचते. मनमाडच्या डेपोतून इंधन येणाऱ्या परभणीत पेट्रोल नेहमीच महाग असते. तिथेही लिटरला १०५ रुपये धरले तरी वार्षिक बचत ४२,००० भरते. साठ लाखांच्या गाडीच्या मालकाला एवढ्यासाठी आपली पसंती बदलावीशी वाटणार नाही. त्यातच हायब्रिडचा लाभ शहरातल्या थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत सर्वाधिक होतो, तर समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या स्थिर वेगात तो बराच घटतो आणि दणकट डिझेल इंजिन पुढे निघून जाते. येथील कंत्राटदार आणि पुढारी पांढरी फॉर्च्युनर घेतात, ती मान, उंची आणि रिसेल पाहून. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या व्यावसायिकांनी एकाच वेळी सुमारे १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हाही एकगठ्ठा खरेदीची सवलत आणि स्टेट बँकेचे सुमारे ७ टक्के दराचे कर्ज यांचा वाटा मोठा होता. इंजिन कोणते, हा प्रश्न तेव्हा फारसा चर्चेतच नव्हता.

शेवटी मोजणीविषयी. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी होणाऱ्या ऑडी क्यू ७ मध्ये ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा असते, आणि चाकणला जुळणाऱ्या मर्सिडीज सी-क्लासमध्येही. ही यंत्रणा मोटारीला केवळ विजेवर ओढत नाही, म्हणून तिला स्ट्राँग हायब्रिडच्या रांगेत बसवता येणार नाही. पण संदेशात हायब्रिडची व्याख्याच दिलेली नाही. सरसकट ‘हायब्रिड’ म्हणायचे असेल तर या गाड्याही मोजाव्या लागतील, आणि मग ‘मोजक्याच खपतात’ हे विधानही टिकणार नाही.