लूथर, दारूचा गुत्ता आणि एक फॉरवर्ड

आमच्या नगरकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय. तुमच्याही मंडळीच्या ग्रुपवर फिरला असेल. त्यात म्हटलंय: सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून त्यांवर चर्चची गीतं बसवली. कुणी नाक मुरडलं तेव्हा तो म्हणाला, 'सगळ्या चांगल्या चाली सैतानालाच का द्यायच्या?' जुना उपासनाविधी त्याने मोडून टाकला. त्याच्या लेखी उपदेश हीच उपासना. मग आपण अजून उपासनेचं पुस्तक कवटाळून का बसलोय? सिनेमाच्या चाली घ्या, स्टेज बांधा, तरुण येतील.

खाली पस्तीसेक 'आमेन'. आणि माझ्या आतेभावाचा, बाळूचा, प्रश्न: "दादा, तू तिकडे जर्मनीतच असतोस ना? हे खरं आहे का?"

नाही, बहुतेक खोटं आहे. मी आठ वर्षं सॅक्सनीत राहतो, इथल्या लूथरन मंडळीच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गातो, आणि ज्या गीतांबद्दल हे बोललं जातंय ती दर वर्षी गातो. त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

आधी चाली. मध्ययुगात जर्मनीत गाणी रचणाऱ्या कारागिरांचे संघ होते, त्यांना माइस्टरसिंगर म्हणत. त्यांच्या भाषेत गीताला 'बार' म्हणायचे. कडव्याची बांधणी ठरलेली: एक तुकडा, तोच तुकडा पुन्हा त्याच चालीत, आणि मग वेगळ्या चालीचा उत्तरभाग. संगीताचे अभ्यासक आजही या घडणीला बार-रचना म्हणतात. लूथरचं सर्वांत प्रसिद्ध गीत, 'आइन फेस्टे बुर्ग', म्हणजे 'आमचा देव बळकट गड', याच घडणीचं आहे. पहिल्या दोन ओळी एका चालीत, पुढच्या दोन पुन्हा त्याच चालीत, मग चाल बदलते. या 'बार'चा दारूच्या बारशी काडीचाही संबंध नाही. गोंधळ बहुधा इथूनच सुरू झाला असावा.

मग त्याच्या चाली आल्या कुठून? काही थेट जुन्या लॅटिन स्तोत्रांतून. आगमनकाळातलं, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतलं, 'नुन कॉम, डेर हायडेन हायलांट' हे चौथ्या शतकातल्या बिशप अँब्रोझच्या स्तोत्रावरून आलं. काही लोक पिढ्यान्‌पिढ्या गात आलेल्या भक्तिगीतांतून आल्या, तर काही नव्याने रचल्या गेल्या.

एक गीत मात्र खरंच बाहेरच्या चालीवर होतं, आणि ते लपवायचं कारण नाही. नाताळचं 'फॉम हिमेल होख', लूथरने मुलांसाठी लिहिलेलं, १५ कडव्यांचं. तरुण पोरं पोरींसमोर कोड्यांची गाणी म्हणत आणि बक्षीस म्हणून फुलांचा हार मिळवत, तसल्या एका गाण्याची सुरुवात अशी: मी परमुलखातून आलोय, तुमच्यासाठी नव्या बातम्या आणल्यात. लूथरने ती ओळ देवदूताच्या तोंडी दिली: मी उंच स्वर्गातून आलोय, चांगली नवी बातमी आणलीय. १५३५ साली हे गीत त्या लोकगीताच्याच चालीवर छापलं गेलं. १५३९ साली मात्र त्याला नवी चाल मिळाली, आणि आज सगळं जग तीच गातं. म्हणजे मेसेजला आधार देऊ शकेल असं एक गीत सापडतं, तेही गुत्त्यातलं नाही, आणि चार वर्षांत त्याची चाल बदललेली.

माझ्या विरोधात जाणारी गोष्टही सांगतो. १६०१ साली हान्स लेओ हास्लरने एक प्रेमगीत छापलं, प्रेमात गोंधळलेल्या मनाचं. पुढे तीच चाल ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाच्या गीताला लागली, आणि संगीतकार बाखने मत्तयाच्या शुभवर्तमानावरच्या आपल्या पॅशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरच्या संगीतरचनेत, ती पुन्हा पुन्हा आणली. तेव्हा प्रेमगीताची चाल चर्चमध्ये येऊच शकत नाही, असं मी म्हणत नाही. पण ते लूथरने केलं नाही, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी झालं.

सैतानाचं ते वाक्य तर लूथरच्या लिखाणात नाहीच. इंग्लंडमध्ये ते रोलंड हिल या उपदेशकाच्या नावावर सांगतात, आणि तो लूथरनंतर दोनशे वर्षांनी जन्मला. लूथरने खरं काय लिहिलं ते १५२४ च्या प्रस्तावनेत वाचायला मिळतं. संगीतकार योहान वाल्टरच्या अनेक आवाजांतल्या गीतसंग्रहाला ती आहे. तिथे तो म्हणतो की ही गीतं अशी बसवली ती तरुणांसाठी, म्हणजे त्यांची प्रेमाची आणि चावट गाणी सुटतील आणि त्या जागी काही चांगलं शिकतील. तरुणांचीच काळजी, पण दिशा मेसेजच्या नेमकी उलट. त्याच प्रस्तावनेत तो असंही म्हणतो की सगळ्या कला, विशेषतः संगीत, ज्याने त्या दिल्या त्याच्या सेवेत दिसाव्यात.

आता उपासनाविधी मोडल्याचा आरोप. मोडणारा माणूस होता, पण तो लूथर नव्हे. १५२१ च्या नाताळात लूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून बसलेला असताना त्याच्या विटेनबर्ग गावात त्याचाच सहकारी कार्लश्टाट याने धर्मगुरूचा झगा न घालता उपासना घेतली, भाकर आणि प्याला लोकांच्या हाती दिला. पुढे मूर्ती फुटल्या, गावात गोंधळ माजला. लूथर जीव धोक्यात घालून परतला आणि ९ मार्च १५२२ पासून आठ दिवस रोज प्रवचनपीठावर उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की तुमच्या बऱ्याच गोष्टी बरोबर आहेत, पण दुबळ्या भावाला फरफटत का नेता? बळजबरीने नको, वचन सांगा, वचनाला काम करू द्या.

त्यानंतरच्या त्याच्या दोन उपासना-रचना, १५२३ ची लॅटिन आणि १५२६ ची जर्मन, दोन्हींत जुना सांगाडा उभाच आहे. त्याने काढल्या त्या मुख्यतः देवाला बलिदान चढवत असल्यासारख्या प्रार्थना, कारण प्रभुभोजनात देव देतो आणि आपण घेतो, यावर तो अडून होता. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत, म्हणजे लूथरनांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, तर स्पष्टच लिहिलंय की आम्ही मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची जुनी उपासना, बंद केल्याचा आरोप खोटा आहे, ती आमच्यात मोठ्या आदराने चालते.

आणि एक बदल मला सगळ्यांत मोठा वाटतो. 'हे माझे शरीर आहे' ही वाक्यं त्या काळी धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, लॅटिनमध्ये, ओठांतल्या ओठांत म्हणत. मागच्या बाकावरच्या शेतकऱ्याच्या कानी काहीच पडत नसे. लूथरने जर्मन उपासनेसाठी टोरगाऊहून वाल्टरला बोलावून घेतलं आणि ही वाक्यं मोठ्याने, गाऊन म्हणायला लावली, शुभवर्तमान वाचायच्या सुरांसारख्याच सुरांत. कारण त्याच्या लेखी तेच शुभवर्तमान होतं, 'तुमच्यासाठी' दिलेलं. विधी मोडायचा असता तर एकेका अक्षराला सूर कशाला बसवला असता?

उपदेश हीच उपासना, यात थोडं तथ्य आहे. जिथे वचन सांगितलं जात नाही तिथे जमूच नये, असं त्यानेच १५२३ साली लिहिलं. पण १५४४ साली टोरगाऊच्या नव्या चर्चच्या समर्पणात त्याने उपासनेची दोन अंगं सांगितली: प्रभू आपल्या वचनातून आपल्याशी बोलतो, आणि आपण प्रार्थनेने आणि स्तुतिगीतांनी उत्तर देतो. स्टेजवरचा एकच माणूस गात असेल आणि मंडळी मोबाइल वर धरून चित्रण करत असेल, तर उत्तर कुणी दिलं?

इथल्या चर्चमध्ये भिंतीवर लाकडी फळी असते, तिच्यावर त्या दिवशीच्या गीतांचे आकडे लावतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी २४ लागला की समजायचं, 'फॉम हिमेल होख'. माझ्या पुढच्या बाकावर एक आजी बसतात, नव्वदीच्या. पुस्तक मांडीवर मिटलेलं. आकडा बघतात आणि डोळे मिटून गायला लागतात, शेजारी पाचवीतला नातू त्यांच्या आवाजाला आवाज लावतो. पडदा नाही, ड्रम नाहीत. चाल वरच्या सावर सुरू होते आणि गीत संपताना खालच्या सावर येऊन टेकते. स्वर्गातून खाली येण्याचं गीत, आणि सूरही तसेच उतरणारे.

आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांनी नगरात बसून हेच केलं. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात आणि ओवीत आणली, म्हणजे आपल्या आज्यांच्या ओठांवर आधीपासून असलेल्या छंदांत. म्हणून ती गीतं शंभर वर्षांनीही पाठ आहेत. सिनेमाची चाल घ्यायला माझा विरोध कुठल्या सोवळ्यापायी नाही. ती कानी पडताच डोळ्यांपुढे नट-नटी उभे राहतात आणि शब्द मागे पडतात, म्हणून आहे. आणि घ्यायचीच असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर घ्या, लूथरची खोटी सही त्याखाली नको.

बाळू, तुमच्या तरुण संघाला या नाताळात नवं काही हवंय ना? पहिली ओळ देतो, पेटीवर वाजवून बघ: सां नि ध नि प ध नि सां. उरलेल्या तीन ओळी रविवारी फोनवर गाऊन दाखवतो.