मॅडम, हे असंच असतं

परवा सिग्नलला थांबले होते. मांडीवरचा फोन घसरला आणि गेला. कुठे गेला ते गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको. सीट आणि मधला कन्सोल यांच्यामध्ये जी फट असते ना, तिथे. हात आत जाईल एवढी रुंद आणि गेलेला हात बाहेर येणार नाही एवढी अरुंद. बोटांना काय काय लागलं: सीटचा ग्रीसने बरबटलेला रूळ, एक पेन, दोन नाणी, जिच्यासाठी मी सगळं घर पालथं घातलं होतं ती कानातली रिंग आणि शेवटी फोन. बोट लागल्याबरोबर तो आणखी आत सरकला. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवायला घेतले. पुढे जाऊन गाडी कडेला लावली, सीट पार पुढे ढकलली आणि मागच्या दारातून आडवी पडून तो बाहेर काढला. कोपर काळं झालं ते वेगळंच.

(मांडीवर फोन कशाला ठेवायचा, असं कुणीतरी विचारणारच. गाडीत फोनसाठी म्हणून खास कप्पा आहे. गाडी घेतली तेव्हाचा फोन त्यात बसायचा, आताचा बसत नाही. फोन मोठे होत जाणार हे तो कप्पा आखणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नाही, की आपण फोनबरोबर गाडीही बदलू असं त्याला वाटलं, देव जाणे.)

फट का असते, याला कारण आहे. बेल्टचं बक्कल सीटला जोडलेलं असतं. सीट पुढेमागे केली की तेही सरकतं, म्हणून त्याला हलायला जागा लागते. मान्य. पण त्या जागेवर एक मऊ पट्टी लावायला काय हरकत होती? तशा पट्ट्या बाहेर सुट्या मिळतात, त्यावर लोकांचे धंदे चालतात. म्हणजे दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त गाडी बनवणाऱ्याला ते आपलं वाटत नाही.

माझी गाडी वाईट नाही, हे आधीच सांगते. सहा वर्षं झाली, एकदाही रस्त्यात दगा दिला नाही. तक्रारी आहेत त्या सगळ्या बारीकसारीक. त्या घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलं की एकच उत्तर मिळतं, तेही अगदी प्रेमाने: "मॅडम, हे असंच असतं. सगळ्याच गाड्यांना असतं." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मी आता एक सवय लावून घेतली आहे. घरी येऊन शोधायचं, हे असंच का असतं? गंमत म्हणजे बऱ्याचदा कारण सापडतं. ते पटलं की राग उतरतो. आणि कारण नसलं, किंवा "शोरूममध्ये छान दिसतं" एवढंच असलं, की राग दुप्पट होतो.

हेडरेस्टचंच बघा. मी केस वर घेऊन क्लचर लावते. गाडीत बसलं की हेडरेस्ट त्या क्लचरला ढकलतं, क्लचर डोक्यात रुततं, आणि तासाभराने मी कवचातून मान बाहेर काढलेल्या कासवासारखी गाडी चालवत असते. शेवटी क्लचर काढून गियरच्या दांडीला लावायचं. वर्षानुवर्षं मला वाटत होतं, सीटच बिघडलेली आहे. मग कळलं की ते मुद्दाम तसं केलंय. मागून धडक बसली की सीट धडाला पुढे ढकलते, डोकं मात्र मागेच राहतं आणि मानेला हिसका बसतो. डोकं आणि हेडरेस्ट यांच्यातलं अंतर जेवढं कमी तेवढा हिसका कमी. अमेरिकेच्या नियमात तर हे अंतर 55 मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं लिहिलंय. साडेपाच सेंटिमीटर! माझा अंबाडाच तेवढा आहे. पण धडकेच्या चाचण्यांमध्ये सगळ्यात जास्त वापरला गेलेला पुतळा साधारण 175 सेंटिमीटर उंचीचा, 78 किलोचा पुरुष आहे. त्याला अंबाडा नाही. तर हेडरेस्टला माफ केलं. पुतळ्याला अजून नाही.

ए-पिलरलाही अर्धी माफी. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना छताला आधार देणारे जे खांब असतात ते. वळण घेताना त्यांच्याआड अख्खा माणूस लपतो. माझ्याबाबतीत एकदा आख्खी मोटरसायकल लपली होती, तेव्हापासून मी वळताना घड्याळाच्या लंबकासारखी पुढेमागे डुलते. शेजारी बसलेल्याला वाटतं, बाईंना काहीतरी होतंय. जुन्या गाड्यांचे खांब सडपातळ होते, आताचे जाडजूड आहेत. गाडी उलटली तर छताने चिरडू नये म्हणून. अमेरिकेने 2009 मध्ये नियम कडक केला आणि बहुतेक गाड्यांच्या छताने गाडीच्या वजनाच्या दीडपट भार पेलावा अशी जी अट होती ती वजनाच्या तिपटीवर नेली. शिवाय त्या खांबाच्या आडून एअरबॅगही जाते. हे सगळं पटलं. पण मग बाजूचा आरसा नेमका त्याच कोपऱ्यात, खांबाला चिकटून कशाला? तोच दारावर थोडा मागे बसवला तर खांब आणि आरसा यांच्यामधून निदान रस्त्याचा एक तुकडा दिसतो. काही गाड्यांना तसा असतोही. माझ्या गाडीत खांब अधिक आरसा अशी सलग भिंत आहे.

आता मुख्य रागाकडे येते. टचस्क्रीन.

आधीच्या गाडीत एसीचा पंखा कमीजास्त करायला एक गोल खटका होता. नजर रस्त्यावर ठेवून हात खाली न्यायचा, चाचपायचा, टक् टक् दोन घरं फिरवायचा. झालं. आता स्क्रीनवर आधी एसीचं चित्र शोधायचं, मग पंख्याची पट्टी उघडते, मग त्या पट्टीवर बोट नेमकं टेकवायचं, आणि तेवढ्यात खड्डा येतो. बोट जातं शेजारी आणि मागची काच गरम व्हायला लागते. काचेवर वाफ धरलेली असताना, समोरचं धूसर दिसत असताना वाफ घालवायचं बटण शोधायला नजर खाली न्यावी लागते, म्हणजे नजर लागते तीही नेमकी दिसत नसताना. याला काय म्हणावं?

मी जुन्या वळणाची आहे म्हणून कुरकुरते असं नाही. स्वीडनच्या 'वि बिलागारे' या मासिकाने 2022 मध्ये याची चाचणीच घेतली होती. ताशी 110 किलोमीटर वेगात रेडिओचं स्टेशन लावा, सीट गरम करा, अशी चार साधी कामं चालकांना सांगितली. गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. 2005 सालच्या बटणांवाल्या व्होल्वोत ती 10 सेकंदांत उरकली. नव्या गाड्यांपैकी सगळ्यात हळू गाडीत 44.6 सेकंद लागले. त्या वेगात तेवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटरच्या पुढे गेलेली असते.

आणि हे खूळ नवीन नाही. 1986 च्या ब्यूक रिव्हिएरा गाडीत चक्क टचस्क्रीन होता, जुन्या टीव्हीसारखा काचेच्या नळीचा. लोकांनी तक्रार केली की नजर रस्त्यावरून हटते. थोड्याच वर्षांत कंपनीने तो काढून पुन्हा बटणं आणली. म्हणजे परीक्षा झाली होती, निकालही लागला होता. तरी नंतर सगळ्यांनी तोच पेपर पुन्हा लिहायला घेतला, कारण बटणांचा साचा, वायरिंग, जोडणी यापेक्षा एक पडदा स्वस्त पडतो आणि शोरूममध्ये चमकतो. आता निदान गाड्यांची सुरक्षा तपासून त्यांना तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर असल्या गोष्टींना हाताला लागतील अशी वेगळी बटणं असण्याला गुण ठेवले आहेत. एसीचा पंखा त्या यादीत नाही. माझं नशीब.

त्याच 1986 सालची दुसरी गोष्ट मला फार आवडते. फोर्ड कंपनीतला जिम मोयलन नावाचा माणूस पावसात पंपावर गेला आणि टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे हे चुकून भिजला. ऑफिसात परत येऊन त्याने अंग पुसलं असेल-नसेल, पण एक चिठ्ठी लिहिली: इंधनाच्या काट्याशेजारी झाकणाची बाजू दाखवणारी खूण द्या. 1989 च्या मॉडेलांत ती आली आणि आज बहुतेक गाड्यांत आहे. तो छोटासा बाण. खर्च जवळपास शून्य. हे सुचायला संशोधन लागलं नाही, भिजावं लागलं. माझी गाडी ज्यांनी केली त्यातला एकही जण पावसात तिची डिकी उघडून उभा राहिलेला नाही याची मला खात्री आहे, कारण दार वर गेलं की वरचं सगळं पाणी पन्हाळीसारखं बरोबर उघडणाऱ्याच्या मानेत ओततं. उरलेलं डिकीतल्या पिशव्यांवर.

आवाजांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. शेजारच्या सीटवर पर्स ठेवली की गाडी बोंबलायला लागते: बेल्ट लावा. पर्सला. पर्स ठेवायला दुसरी जागा नाही. दोन पुढच्या सीटवर माणसं बसली तर बाईची पर्स कुठे जाते, हा विचार अख्ख्या गाडीत कुठेही झालेला नाही. ती पायांत जाते. तर मी पर्सला बेल्ट लावते. लोक हसतात, हसू देत. अमेरिकेत 1974 च्या मॉडेलांवर याहून मोठी मजा झाली होती. पुढचे बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही अशी सोय सक्तीची केली. सीटवर सामानाची पिशवी ठेवली किंवा कुत्रा बसला तरी गाडी अडून बसायची. लोक इतके वैतागले की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदा करून ती सक्ती उठवली, वर सक्तीचा बझर 8 सेकंदांपेक्षा जास्त वाजू नये असंही ठरवलं. बेल्ट वाईट नव्हताच. त्याच्यासाठी केलेला आरडाओरडा असा होता की लोकांनी बेल्टवरच राग काढला. आजही तेच चाललंय. युरोपात जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती बंद करता येते, पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की पुन्हा चालू. रोज सकाळी तीच दोन-तीन बटणं दाबणारी माणसं माझ्या डोळ्यांपुढे येतात.

बाकी किरकोळ. चकचकीत काळं प्लॅस्टिक, जे फक्त पहिल्या दिवशी काळं असतं आणि नंतर बोटांच्या ठशांचं प्रदर्शन. दुपारचं ऊन पकडून नेमकं डोळ्यांत मारणारी चंदेरी पट्टी. फिकट रंगाचा डॅशबोर्ड, जो काचेत असा उमटतो की रस्त्यावर दुसरा डॅशबोर्ड अंथरलाय असं वाटतं. पहिल्याच चिखलात आंधळा होणारा मागचा कॅमेरा. बाटलीच्या जागेत बाटली ठेवली की गियर टाकताना कोपर लागणं. आणि हेडलाइटचा बल्ब! काही गाड्यांत तो बदलायला अख्खा बंपर उतरवावा लागतो. एका बल्बसाठी! माझ्या गाडीत बंपर उतरवावा लागत नाही, फक्त मनगट उतरवून ठेवावं लागतं.

एक खोटेपणा मात्र मला मनापासून आवडतो. स्पीडोमीटर. काटा शंभर दाखवतो तेव्हा फोनवरचा नकाशा पंच्याण्णव म्हणतो. मी हेही दाखवायला नेलं होतं, तेच उत्तर मिळालं. पण या वेळी ते खरंच होतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचा नाही असं आहे. जास्त दाखवला तर मात्र दहा टक्के अधिक चार किलोमीटर एवढी सूट. म्हणजे खरा वेग 100 असताना 114 दाखवलं तरी गाडी नियमात. घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून ठेवणाऱ्या आईसारखंच हे, त्यामुळे तक्रार नाही.

सध्या चालू असलेलं प्रकरण सांगून थांबते. डाव्या दारातून खडखड येते. रोज नाही. गार हवेत, साठच्या आसपास, खडबडीत रस्त्यावर. मी दाराचा कप्पा रिकामा केला, चष्म्याची डबी काढली, चालता चालता जागोजागी हाताने दाबून बघितलं. दाबलं की थांबते, सोडलं की सुरू. तीनदा दाखवून झालं. मेकॅनिक शेजारी बसला की दार एकदम शहाण्या मुलासारखं गप्प. तिसऱ्या वेळी मी हट्टाने त्याला अर्धा तास फिरवला. परत येताना, गेटच्या थोडं अलीकडे, ती आली. खड खड खड. मी जिंकल्यासारखी त्याच्याकडे बघितलं.

"हो, येतोय आवाज," तो म्हणाला. "माझ्या गाडीलाही येतो, मॅडम. हेच मॉडेल आहे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. गाणी लावतो."