आधी घोटा बघा

गौतमी पाटील शिंदखेड्याची, म्हणजे आमच्या धुळे जिल्ह्यातली. तिच्या लावणीच्या कार्यक्रमांवरून २०२२-२३ मध्ये उठलेला गदारोळ मी लंडनमध्ये बसून फोनवर पाहिला. हावभाव शोभतात का, तिनं पाटील आडनाव लावावं का, संस्कृतीचं काय होणार. यंदा त्या वादाची छोटी आवृत्ती आमच्या घरच्या ग्रुपवर निघाली, कारण नऊ वर्षांच्या भाचीला बॅले शिकायचंय आणि धुळ्यात देवपुरातल्या एका डान्स क्लासनं तो सुरू केलाय. मामा म्हणाले, नाचगाणं आपल्या घरात नको. काकूंचं उत्तर, बॅले म्हणजे काय तमाशा आहे का, ते मोठ्या लोकांचं असतं. दोघांनाही इज्जतीचीच काळजी.

खरी गोष्ट बहिणीनं वेगळा फोन करून सांगितली. क्लासनं तीन महिन्यांतच पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे बूट, मागवायला लावले होते. "ताई, रातले पाय दुखतस तिना. पन आयकत नही."

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत बॅले नाचणाऱ्या बऱ्याच असतात. या बुटाचं टोक कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन कडक केलेलं असतं. बोटांच्या शेंड्यावर अख्खं अंग तोलायचं, आणि मोठी भूमिका असेल तर एकाच प्रयोगात बूट मऊ पडून निकामी होतो. हे पेलायला पोटरी, घोटा आणि कंबर आधी तयार लागते. म्हणून चांगल्या शाळा अकरा-बारा वर्षांच्या आधी, आणि तेही काही वर्षांच्या सरावाशिवाय, हे बूट पायात घालू देत नाहीत. मी हे ग्रुपवर समजावून दमले. बहिणीचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: "गोऱ्हाले दात येवू द्या, मंग जुपा." बूट कपाटात गेले, क्लास साध्या चपट्या बुटांत चालू राहिला.

बॅलेत आयुष्य घातलेलं पाऊल कसं दिसतं, ते सांगते. नखं काळी, बोटांवर जुने घट्टे. अंगठा वाकवणारा टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, घोट्याच्या मागे सुजलेला, आणि पंजा ताणला की तिथंच चिमटा बसतो. दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला बुडाशी बारीक तडा. दुखतं का विचारलं तर उत्तर येतं, नेहमीसारखंच. त्यांचा प्रश्न एकच: शनिवारी नाचता येईल ना? करार वर्षाचा असतो आणि ती जागा घ्यायला मागे तिघी उभ्या असतात. रिपोर्टमध्ये जरा सौम्य लिहा, असंही कुणी कुणी हळूच सुचवून बघते. पाळी शेवटची कधी आली, या प्रश्नावर मात्र बोलणं थांबतं. वजनापायी खाणं तोडलं की पाळी जाते, हाडं विरळ होतात आणि मग ते तडे. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यानुसार बॅले नाचणाऱ्यांपैकी १६.४ टक्क्यांना खाण्याचा विकार असतो. म्हणजे वर्गात सरावाचा आडवा दांडा धरून उभ्या असलेल्या साधारण दर सहांपैकी एक.

तेव्हा परदेशात कलेची कदर असते, हे वाक्य मला कुणी ऐकवू नये. व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीत मुलांना मारहाण होते, शरीरावरून हिणवलं जातं, हे २०१९ मध्ये उघड झालं. वजन राखायला मुलांना सिगारेट ओढायला सुचवलं जाई, हेही चौकशीत निघालं. न्यूयॉर्कची मिस्टी कोपलँड २०१२ मध्ये नडगीच्या हाडाला तडे गेलेले असताना रंगमंचावर उतरली, आणि ते कौतुकानं सांगतात. आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट त्याच सुरात सांगतात: फडावर नाचता नाचता कळा आल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. मला ही गोष्ट लहानपणी अंगावर काटा आणायची. आता मनात येतं, त्या रात्री खेळ थांबवा म्हणणारं एकही माणूस त्या कनातीत नव्हतं का?

फरक आहे तो पुढच्या हिशोबात. पॅरिस ऑपेराचे नर्तक ४२ व्या वर्षी पेन्शनीत निघतात. त्या पेन्शनचं मूळ चौदाव्या लुईच्या काळात, १६९८ मध्ये आहे. २०१९ मध्ये सरकार तिला हात लावू पाहत होतं, तेव्हा २४ डिसेंबरला नर्तकींनी ऑपेराच्या पायऱ्यांवर, उघड्यावर, स्वान लेक हा बॅले नाचून दाखवला. पांढरे झगे, मागे संपाचे फलक. इथं ब्रिटनमध्ये नाच सुटलेल्यांना दुसरा धंदा शिकायला मदत करणारा निधी सत्तरच्या दशकापासून आहे. यातलं काहीही दयेपोटी मिळालेलं नाही. नाच हे अंगमेहनतीचं काम आहे, एवढं तिथं मान्य झालंय.

आपल्याकडे ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला पाच हजार रुपये मानधन मिळतं, पण वयाची पन्नाशी झाल्यावर. पस्तिसाव्या वर्षी गुडघा गेलेल्या बाईनं मधली पंधरा वर्षं काय करायचं? दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखापर्यंत गावोगाव फिरतो. पायात किलोकिलोची चाळ, खाली कमी-जास्त झालेल्या फळ्या, रात्री खेळ आणि दिवसा ट्रकमध्ये झोप. बॅलेवालीला निदान लाकडी उसळती जमीन मिळते.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. खान्देशातल्या ज्या यात्रेत तमाशा लागतो, तिथल्या समितीनं स्टेज समपातळीत बांधावं आणि एक दिवस हाडांचा डॉक्टर नि फिजिओ बसवावा. धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, माणसं मिळतील. खर्च कोण करणार, असं समितीवाले विचारतील. डीजेचं बिल जो भरतो तोच.