खुलासा: २०१६ मध्ये मुंबईत 'सगळी बांधकामं बंद' नव्हती

'कोर्टाने २०१६ साली मुंबईतलं सगळं बांधकाम थांबवलं, म्हणून आमच्या चाळीचा पुनर्विकास रखडला आणि २०१८ मध्ये बंदी कायमची उठली', असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस दिलेल्या आदेशाने रोखली ती नव्या निवासी आणि व्यापारी इमारतींची मंजुरी: नवे टॉवर, मॉल, हॉटेलं. राहत्या इमारतींचा पुनर्विकास आणि झोपडपट्टी पुनर्वसन त्यातून स्पष्टपणे वगळलं होतं. त्यामुळे कुणी बिल्डर त्या आदेशाकडे बोट दाखवून भाडेकरूंना ताटकळत ठेवत असेल, तर त्याच्याकडून लेखी कारण मागाच.

बंदीचं मूळ कचऱ्यात होतं. घनकचऱ्याचे २००० चे नियम महापालिकेने पाळले नव्हते आणि देवनार, मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडवर कचरा पडतच होता. त्याच आदेशाने या दोन्ही जागांना जून २०१७ पर्यंत मुदतवाढही दिली, हे मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही.

आणि मार्च २०१८? सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा दिली ती सहा महिन्यांची सवलत, तीही राडारोडा ठरलेल्या जागीच टाकण्याच्या अटीवर.