नागरिक संघ म्हणजे नुसती वर्गणी आणि डीजे नाही

लेखात म्हटलंय की वस्तीतले नागरिक संघ फक्त गणपती आणि कोजागिरीपुरतेच उरलेत, हे अजिबात पटलं नाही. पुण्यात 2006 पासून महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिकांना कामं सुचवता येतात, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून द्यायचा, फुटपाथ, दिवे, बसस्टॉप, बाकडी असली छोटी कामं. आता एकटादुकटा माणूस फॉर्म भरतो आणि विसरून जातो, पाठपुरावा कोण करणार? तिथे संघच लागतो. आमच्या गल्लीत चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा वर आलेलं, पावसात पाणी साचलं की दिसायचं नाही, दुचाकीवाले पडायचे, शेवटी संघातल्या दोन काकूंनी फोटो काढून वॉर्ड ऑफिसला चकरा मारल्या तेव्हा कुठे ते लेव्हलला आलं.

आणि कार्यक्रमांना नावं ठेवू नका प्लीज. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवताना जी ओळख होते ना त्यातूनच पुढे लोक सहीला येतात, ओला-सुका कचरा वेगळा करायला तयार होतात, नाहीतर दार कोण उघडतं हल्ली! हां, एक मात्र खरं, भाडेकरूंना मीटिंगला बोलवत नाहीत बऱ्याच ठिकाणी, ते चूकच आहे, तेही तिथंच राहतात आणि तेच पाणी भरतात. 74व्या घटनादुरुस्तीने 3 लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या (वॉर्डांचा कारभार बघणाऱ्या समित्या) आल्या, पण तिथे बसतात मुख्यतः नगरसेवक, आपल्यासारख्यांचं म्हणणं तिथवर न्यायला गल्लीतला संघच पाहिजे, म्हणून तो बंद पडू देऊ नका.