मंदीत सरकारने स्वतः घरे बांधावीत

घरबांधणी मंदावली की कोल्हापुरातून पहिली मागणी येते ती मुद्रांक शुल्क कमी करण्याची. त्यासाठी 2020 चा दाखला दिला जातो. त्या वर्षी राज्य सरकारने 1 सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि पुढे मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली, आणि मुदत संपत आली तशी दस्तनोंदणीसाठी झुंबड उडाली. त्यामुळे व्यावसायिकांचे अडकलेले पैसे मोकळे झाले, आणि ते गरजेचेही होते. परंतु तयार सदनिकेचा दस्त झाल्याने गवंड्याला किंवा सेंट्रिंगवाल्याला दुसऱ्या दिवशी काम मिळतेच असे नाही. मी मेलबर्नमध्ये राहतो. त्याच काळात इथे सरकारने केलेले दोन उपाय पाहिल्यावर, आपल्याकडची चर्चा सवलतीपाशीच थांबते याचे मला वाईट वाटते.

जून 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने नवे घर बांधणाऱ्यांना आणि घराची मोठी दुरुस्ती करणाऱ्यांना, उत्पन्नाची मर्यादा घालून, 25,000 डॉलरचे अनुदान जाहीर केले. वर्षअखेरीनंतर ते 15,000 डॉलर करून मार्च 2021 पर्यंत चालू ठेवले. अंदाज सुमारे 68 कोटी डॉलरचा होता, खर्च दोन अब्जांच्या पुढे गेला. पुढची काही वर्षे सावकाश घर बांधणारी कुटुंबेही मुदतीआधी करार करून मोकळी झाली. त्यात जगभरची टंचाई आली, लाकूड महागले, सुतार मिळेनासे झाले, आणि करार ठरलेल्या किमतीचे असल्यामुळे वाढलेला खर्च बांधणाऱ्या कंपन्यांच्या अंगावर आला. मार्च 2023 च्या अखेरीस एक मोठी कंपनी बुडाली तेव्हा सुमारे 1,700 घरे अपुरी राहिली. ज्यांच्या अनामतीचा विमा कंपनीने उतरवलाच नव्हता, अशा ग्राहकांना भरपाई देण्यासाठी, मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या सरकारला पुढे यावे लागले. हे सारे अनुदानामुळे घडले असे मी म्हणणार नाही, पण मागणी एका मुदतीत कोंबल्याने धोका वाढला, हे नक्की.

दुसरा उपाय याच व्हिक्टोरिया सरकारचा. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याने 5.3 अब्ज डॉलर खर्चून 12,000 हून अधिक सामाजिक आणि परवडणारी घरे बांधण्याचे ठरवले. यावरही टीका होते. गरजूंची प्रतीक्षायादी मोठीच आहे आणि काम संथ चालते. तरीही मंदीच्या काळात मला हाच मार्ग योग्य वाटतो, कारण काम अनेक वर्षांवर पसरते, मजुराला सलग रोजगार मिळतो आणि पैशाच्या बदल्यात गरजूंसाठी घरे उभी राहतात.

कोल्हापुरात अशा कामाची गरज शोधत फिरावे लागत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पंचगंगेने प्रयाग चिखली, आंबेवाडीसारखी गावे पाण्याखाली घातली. सुरक्षित जागी पक्की घरे बांधून देण्याचे काम मंदीतच हाती घेतले, तर वीटभट्टी, खडी क्रशर, फरशीवाले आणि सुतार या सर्वांना काम मिळेल. त्यासाठी जागेचा प्रश्न आधी सुटला पाहिजे. कोल्हापूर शहराची हद्दवाढ अर्धशतकाहून अधिक काळ वादात आहे आणि 2017 मध्ये शहरालगतच्या 42 गावांसाठी नेमलेल्या विकास प्राधिकरणाबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारी आहेत. पूररेषेतील बांधकामांना सूट देऊन मंदी हटवण्याचा विचार मात्र कोणीही मांडू नये. त्याची किंमत पुढच्या पुरात पुन्हा तीच कुटुंबे मोजतील.

बांधकामावर एक टक्का कामगार कल्याण उपकर कायद्यानेच वसूल होतो. काम थांबलेल्या महिन्यांत त्यातील मदत नाक्यावर उभ्या असलेल्या, उत्तर कर्नाटकातून आलेल्या मजुरालाही मिळावी, नोंदणीअभावी तो वगळला जाऊ नये. मुद्रांक शुल्काच्या सवलतीचे निवेदन घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळाने ही मागणीही त्याच कागदावर लिहावी.